निक्शानं न पाहिलेली तीन गावं

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," बार्बा निक्शा म्हणाला आणि विश्वास न ठेवणाऱ्यांना नीट दिसावं म्हणून मान तिरकी करून त्यानं नाक उन्हात धरलं. "शिबेनिकच्या कॅथेड्रलवर दगडात कोरलेली एकाहत्तर मुंडकी आहेत. त्यातलं डावीकडून चौदावं माझ्या खापरपणजोबांच्या खापरपणजोबांचं. हे नाक बघा, मग तिथं जाऊन ते नाक बघा."

लुचित्सा गावच्या धक्क्यावर, तोंकाच्या कॉफीघराबाहेर जेवढे बसले होते तेवढ्यांनी नाक बघितलं. बघण्यासारखं होतंच ते. म्हाताऱ्या खलाशाला इथं बार्बा म्हणतात, आणि हा बार्बा फेरीबोटीवर दोर टाकायला होता तेव्हाची गोष्ट सांगतात, की दाट धुक्यात बोट धक्क्याला टेकली का, हे कप्तान निक्शाला विचारायचा. कारण टेकली तर सगळ्यात आधी त्याचं नाक टेकायचं. ही गोष्ट गावानं रचली की निक्शानंच, ते आता कुणाला आठवत नाही.

"तुझ्याच खापरपणजोबांचं का कोरलं?" निवृत्त पोस्टमन फ्राने म्हणाला. "चोर होता का?"

"देखणा होता."

"मग तू कुणावर गेलास?"

हशा पिकला. निक्शा हात झटकून पुढचं बोलणार, तेवढ्यात त्याच्या खांद्यामागून आवाज आला, "डावीकडून चौदावं ना? थांब, लिहून घेते."

मागे त्याची बायको याकित्सा उभी होती. हातात निळी वही, कानावर पेन्सिल, कमरेला अजून स्वयंपाकाचा एप्रन. निक्शाचं नाक उन्हातून खाली आलं.

"लिहून कशाला घेतेस, अगं?"

"कशाला म्हणजे? बघायला. आपण जातोय."

झालं होतं असं. बेटावरच्या सगळ्या बायकांसारखी याकित्साही खोल्या भाड्यानं द्यायची. मे महिना लागला की वरच्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्या पाहुण्यांना, मधली खोली पाहुण्यांना, इतकंच काय स्वतःचा पलंगसुद्धा पाहुण्यांना. आणि नवरा-बायको खाली तळघरात, तेलाच्या पिंपांच्या आणि खारवलेल्या सार्डिन माशांच्या डब्यांच्या शेजारी. चाळीस उन्हाळे तिनं असे काढले होते. चाळीस वर्षं लोकांना सांगितलं होतं, की ह्या किनाऱ्यावर कुठं जा, काय खा, कुठल्या गावात कुणाकडे उतरा. आणि स्वतः समोरच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिटच्या बाजारापलीकडे एक पाऊल टाकलं नव्हतं.

"मला एकदा पाहुणी व्हायचंय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या तरी चादरीवर झोपायचंय. सकाळी दुसऱ्या कुणीतरी विचारावं, कॉफी कशी देऊ?"

तिनं सगळं जमवूनही आणलं होतं. किनाऱ्यावरच्या खोलीवाल्या बायका एकमेकींना ओळखतात. पाहुणा एकीनं दुसरीकडे पाठवायचा आणि हंगाम संपला की एकमेकींच्या खोल्या एकमेकींना द्यायच्या, अशी त्यांची जुनी रीत. त्रोगिरला दोन रात्री, शिबेनिकला दोन, झादारला तीन. बदल्यात झादारची झोर्का ऑक्टोबरात ऑलिव्ह तोडायच्या दिवसांत इथं येऊन राहणार. फक्त शनिवारी दुपारी बारापर्यंत तिला पक्कं कळवायचं होतं. नाहीतर तिची नणंद त्या खोलीवर डोळा ठेवून बसलेलीच होती.

"तुला तर तिन्ही गावं पाठ," याकित्सा निक्शाला म्हणाली. "तू फक्त दाखव."

इथंच सगळी गोम होती. निक्शानं ह्यातलं एकही गाव पाहिलं नव्हतं.

फेरीबोटीवर त्यानं बत्तीस वर्षं काढली हे खरं. पण ती बोट बेटावरून स्प्लिटला जायची आणि स्प्लिटहून बेटावर यायची. पृथ्वीला तीस फेऱ्या होतील एवढं अंतर तो कापून बसला होता, आणि ते सगळं दोन धक्क्यांच्या मध्ये. त्याआधीची दोन वर्षं, शहात्तर ते अठ्ठ्याहत्तर, तो किनाऱ्यावरच्या गावागावांत वाइनची पिंपं पोचवणाऱ्या जहाजावर होता. त्याच्या सगळ्या गोष्टी त्या दोन वर्षांतल्या. नोकरीही खरी, जहाजही खरं. फक्त ते जहाज दोन्ही वर्षं दुरुस्तीला ओढून ठेवलेलं होतं. निक्शानं त्याच्या मुदपाकखान्यात बसून दुरुस्ती करणाऱ्या कामगारांसाठी दोन वर्षं बटाटे सोलले, आणि कामगारांनी सांगितलेली गावं ऐकली.

त्याच गावांच्या जोरावर त्यानं याकित्सा मिळवली. तिच्या बापानं तिच्यासाठी तेलाच्या घाण्याचा मालक बघून ठेवला होता, ऑलिव्हच्या तीनशे झाडांचा धनी. ती म्हणाली, घाण्याच्या मालकाला घाण्यापलीकडे काय ठाऊक? ह्यानं जग पाहिलंय. आणि पंचेचाळीस वर्षं, रोज रात्रीच्या जेवणाला, तळलेले मासे थंड होईपर्यंत ती त्या जगाच्या गोष्टी हनुवटीवर हात टेकवून ऐकत आली. आता जर तिला कळलं, की ह्यातलं काहीच त्यानं पाहिलेलं नाही, तर ती हात हनुवटीवरून काढून घेईल. निक्शाला मरणाची भीती नव्हती, डॉक्टरांची थोडी होती. पण ह्याची फार होती.

म्हणून त्यानं तिला घाबरवायचं ठरवलं.

"त्रोगिरला जाऊ नको," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "तिथल्या गल्ल्या तुला माहीत नाहीत. सत्याहत्तर साली एक जाडा नोटरी दोन घरांच्या मध्ये अडकला. पुढेही सरकेना, मागेही सरकेना. तीन आठवडे त्याला तिथंच उभ्या उभ्या नुसतं लिंबूपाणी पाजलं, तेव्हा बारीक होऊन निघाला. त्या तीन आठवड्यांत लोक त्याच्याकडेच येऊन दस्तावर सह्या करून घेत."

"कुठली गल्ली?" याकित्साची पेन्सिल तयार होती.

"अगं, धोका आहे म्हणतोय मी."

"मी कुठं जाडी आहे? कुठली गल्ली ते सांग."

शिबेनिकचं त्यानं सांगितलं, की तिथल्या चार किल्ल्यांपैकी एका किल्ल्यात वारा कोंडलाय आणि दार उघडलं की तो बायकांच्या डोक्यावरचे रुमाल घेऊन पळतो. अख्ख्या खाडीत रुमालच रुमाल तरंगतात. याकित्सानं वहीत लिहिलं, 'दोन जास्तीचे रुमाल घेणे.' झादारबद्दल त्यानं सांगितलं, की तिथल्या रोमन चौकातल्या फरशीखाली दुसरं गाव आहे, त्याच्याखाली तिसरं, आणि तुम्ही जोरात पाय आपटलात तर खालच्या गावातला म्हातारा काठीनं छत ठोकून गप्प करतो.

"खरंच ठोकतो?" तिचे डोळे असे चमकले, की निक्शानं स्वतःला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तो जितकं भयंकर सांगे, तितकी वही भरत होती. फ्रानेसुद्धा एकदा म्हणाला, "यार निक्शा, मीपण येऊ का रे?"

मग निक्शाच्या मदतीला जुगो आला. जुगो म्हणजे दक्षिणेचा वारा. तो आला की समुद्र राखाडी होतो, चादरी वाळत नाहीत, डोकी जड होतात, आणि लुचित्सात कुणी साखरपुडा ठरवत नाही, दात काढत नाही, भांडणसुद्धा पुढं ढकलतात. जुन्या काळी दुब्रोव्निकच्या सभेतले थोर थोर लोक जुगोत कायदे करायचं टाळत असं म्हणतात, मग याकित्सानं प्रवास कसा ठरवायचा? तिनं वही मिटली. दोन दिवस वारा खरा होता. तिसऱ्या दिवशी तो पडला, पण निक्शा गुडघा धरून बसला.

"माझ्या गुडघ्यात अजून आहे."

"बाहेर ऊन पडलंय, निक्शा."

"गुडघ्यात नाही पडलं."

याकित्सानं त्याच्या गुडघ्यालाही एक दिवस दिला. पण शुक्रवारी सकाळी उत्तरेचा वारा सुटला, आकाश घासूनपुसून निळं झालं, समोरचे मुख्य भूमीवरचे डोंगर हात लावावा इतके जवळ आले, आणि गुडघ्याला काही बोलायला जागा उरली नाही.

त्या शुक्रवारी न्याहारीला वरच्या खोलीतला शेवटचा पाहुणा खाली आला. ग्राझ शहरचा म्हातारा, एगोन लाइटनर. आयुष्यभर लोकांचे पियानो सुरात लावले होते त्यानं. बोलायचा फार कमी, अंजीर मात्र फार खायचा. याकित्सा मागच्या अंगणात चादरी टाकत होती, तेव्हा त्यानं निक्शाला सहज सांगितलं, की तो झादारहून आलाय आणि तिथं समुद्र ऑर्गन वाजवतो.

"काय करतो?"

"ऑर्गन. धक्क्यावर दगडी पायऱ्या आहेत, समुद्रात उतरणाऱ्या. आत नळ्या आहेत. लाट आली की हवा ढकलली जाते आणि सूर निघतात. मी दोन तास बसलो होतो." त्यानं अंजिराची साल काळजीपूर्वक बशीत ठेवली. "एका नळीचा सूर किंचित उतरलाय. कुणीतरी बघायला हवं."

निक्शा त्याच्याकडे बघतच राहिला. झादारच्या लोकांची ही बढाई त्यानं बोटीवर एक-दोनदा अर्धवट ऐकली होती, आणि झादारवाल्यांची म्हणून सोडून दिली होती. दुसऱ्याची थाप तो फारशी ऐकून घ्यायचा नाही. पण हा माणूस! चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. पापणी लवली नाही. आणि वर तो उतरलेला सूर! कच्चा थापाड्या म्हणाला असता, स्वर्गातलं संगीत वाजतं. ह्यानं त्यात एक नळी बिघडवून ठेवली, म्हणजे कुणाला शंकाच येऊ नये. निक्शानं चाळीस वर्षांत एवढी देखणी थाप ऐकली नव्हती. त्यानं उठून पाहुण्याच्या बशीत स्वतःच्या वाटणीचे चार अंजीर ठेवले. गुणी माणसाचा मान राखायला हवा. दुपारच्या बोटीनं लाइटनर गेला, आणि त्याची थाप मात्र निक्शाच्या घरी राहिली.

शनिवार उजाडला. अकराच्या सुमारास तोंकाच्या टेबलावर याकित्सा वही आणि फोन घेऊन बसली. समोर फ्राने, पाणी घातलेल्या लाल वाइनचा पेला त्याच्या हातात. तोंका दारात हात पुसत उभी.

"आता नीट सांग," याकित्सा म्हणाली. "त्रोगिरला उतरल्यावर पहिलं काय दिसतं?"

रात्रभर विचार करून निक्शाला एक गोष्ट कळली होती. बाईचं कुतूहल भीतीनं मरत नाही, ते कंटाळ्यानं मरतं.

"पूल," तो म्हणाला.

"कसा पूल?"

"पुलासारखा. ह्या बाजूनं त्या बाजूला जातो."

"आणि नोटरीची गल्ली?"

"रुंद केली म्हणतात. आता तिथं काही नाही. भिंत आहे."

"शिबेनिकचं कॅथेड्रल?"

"दगडाचं. मुंडकी उंचावर आहेत, मान दुखते. सगळी सारखीच दिसतात. पायऱ्या फार. ऊन. कॉफी पाणचट."

"ती रुमालाची गंमत?"

"वारा असतो थोडा. आपल्याकडे असतो तसाच."

याकित्सा लिहायची थांबली. तिनं एक पान मागे उलटलं, एक पुढे. फ्रानेनं पेला खाली ठेवला. तोंका म्हणाली, "बार्बा, तुम्हाला बरं नाही का?"

"मला काय झालंय?"

"नाही, तुम्ही असे आमच्या मुख्याध्यापकांसारखे बोलताय."

"आणि झादार?" याकित्सानं विचारलं, पण आवाजात आधीची ओढ नव्हती.

"झादार म्हणजे, घरं आहेत. दुकानं आहेत. बस मिळते."

"म्हणजे आपल्यासारखंच सगळं."

"आपल्यासारखंच. जरा जास्त."

याकित्सानं वहीवर पेन्सिल आडवी ठेवली. बारा वाजायला वीस मिनिटं होती. "मग राहू दे," ती म्हणाली. "खोल्या झाडायच्याच आहेत. झोर्काला सांगते, नणंदेला दे म्हणून." आणि ती समोर पाण्याकडे बघत राहिली, हात मांडीवर ठेवून. हनुवटीवर नाही, मांडीवर.

जिंकला होता निक्शा. सुटला होता. पण टेबलावर अशी शांतता पसरली, की मांजरसुद्धा उठून पलीकडच्या टेबलाखाली गेलं. त्या शांततेत त्याला बसवेना. एक तर बायकोचा तो चेहरा. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, पंचेचाळीस वर्षांत त्याच्या टेबलावर कुणी कंटाळलं नव्हतं. आज पहिल्यांदा कंटाळले आणि तेही त्याच्यामुळे. हा अपमान त्याला स्वतःकडूनसुद्धा सहन झाला नाही. तोंड आपोआप उघडलं.

"तसं एक आहे," तो हळूच म्हणाला.

कुणी वर बघितलं नाही.

"झादारला समुद्र ऑर्गन वाजवतो."

याकित्सानं मान वळवली.

"थट्टा करतोस?"

"थट्टा कशाला करू? धक्क्यावर दगडी पायऱ्या आहेत, थेट पाण्यात गेलेल्या. आत नळ्या आहेत. लाट येते, हवा ढकलते, आणि सूर निघतो. चर्चमधल्यासारखा नाही, त्याला चाल नाही. समुद्र जसा श्वास घेईल तसा. मोठी लाट आली की खर्जात, लहान आली की असा..." निक्शानं ओठ गोल करून एक लांब बारीक सूर काढला. "जहाज गेलं की पाच मिनिटांनी त्याच्या लाटा पोचतात, आणि मग सगळ्या नळ्या एकदम बोलतात. लोक बोलायचे थांबतात. कुत्रीसुद्धा बसून ऐकतात."

याकित्साचा हात हनुवटीवर गेला होता. निक्शानं पाहिलं, आणि आता त्याला कुणी अडवू शकलं नसतं.

"खरं आहे ते," फ्राने मध्येच म्हणाला.

निक्शा थबकला. "काय खरं आहे?"

"ते वाजणारं. पोस्टकार्डावर बघितलंय मी. कितीतरी वाटलीत. पाठीमागे लिहिलेलं असतं."

"लोकांची पोस्टकार्डं वाचायचास तू?" तोंका म्हणाली.

"उघडीच असतात, बाई!"

निक्शाच्या कानावर पुढचं काही आलं नाही. खरं आहे! असली गोष्ट खरी आहे! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी, आणि तोही फ्रानेसारखा संशयी माणूस, त्याच्या बाजूनं साक्ष देत होता. असा माणूस हवेत तरंगतो. आणि हवेत तरंगणारा माणूस पाय कुठं पडतोय ते बघत नाही.

"पोस्टकार्ड!" तो म्हणाला. "अरे, मी बसलोय तिथं! अठ्ठ्याहत्तर साली. मार्चमध्ये. आमचं जहाज रात्रभर बंदरात होतं. सगळ्यात खालच्या पायरीवर बसलो होतो, आणि ऐकता ऐकता भान राहिलं नाही, लाट आली ती कमरेपर्यंत. नवी पँट होती, तपकिरी, आईनं शिवलेली. ओल्या पँटनं पहाटेपर्यंत बसलो, याकित्सा. आणि पाचवी नळी आहे ना, तिचा सूर तेव्हाही किंचित उतरलेला होता. मी तिथल्या माणसाला म्हटलंसुद्धा, कुणीतरी बघायला हवं."

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस," याकित्सा म्हणाली.

"तुला तिथं नेऊन सांगायचं होतं."

हे वाक्य कुठून आलं, निक्शाला स्वतःला कळलं नाही. पण आल्यावर वाटलं, की ते तेवढं खोटं नसावं.

याकित्सानं घड्याळाकडे बघितलं. बाराला सात कमी. तिनं फोन उचलला, आणि धक्क्याच्या पलीकडे जाळी दुरुस्त करणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागली. "झोर्का! हो, मीच. येतोय आम्ही! दोघं. हो, दोघांची खोली, खिडकीची. नाही, नणंदेला नाही म्हणून सांग, पुढच्या वर्षी बघू म्हणावं. अगं, आणि तुमचं ते समुद्राचं वाजणारं, तुझ्या घराजवळच आहे ना? समोरच? अगं बाई! मग खिडकीतून ऐकू येत असेल. आमच्या निक्शानं तर ऐकलंय. अगं मग! अठ्ठ्याहत्तर साली. रात्रभर पायरीवर बसला होता म्हणे, पँट भिजेपर्यंत..."

ती थांबली. फोनमधून बारीक आवाज येत होता, बराच वेळ. निक्शानं फ्रानेचा पेला उचलला आणि आपलाच आहे असं समजून रिकामा केला.

"किती साली?" याकित्सानं फोनमध्ये विचारलं. मग "बरं" म्हणाली. मग पुन्हा "बरं," जरा सावकाश. "तुझ्या धुण्यावर सगळी धूळ? वर्षभर? अरेरे." मग, "नाही गं, दोघांचीच ठेव."

तिनं फोन छातीशी धरला. निक्शाकडे बघितलं, नाकापासून बुटांपर्यंत आणि पुन्हा नाकापर्यंत. हनुवटीवरचा हात तिथंच होता, आणि त्याच्याआड ओठाचा एक कोपरा तिच्या ताब्यात राहत नव्हता.

"निक्शा," सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "त्या पायऱ्या झोर्काच्या डोळ्यांसमोर दोन हजार पाच साली बांधल्यात. मग अठ्ठ्याहत्तर साली तू कशावर बसून पँट भिजवलीस, रे थापाड्या?"